डेटा सेंटरची वीज आणि कामाचा हिशेब

डेटा सेंटरच्या ऊर्जाकार्यक्षमतेत दोन वेगळे प्रश्न असतात. इमारतीत आलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष संगणकांपर्यंत पोहोचते, हा पहिला. पोहोचलेल्या विजेतून संगणक किती उपयुक्त काम करून देतात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दोन मीटर लावले की मिळते, म्हणून जाहिराती, प्रमाणपत्रे आणि सरकारी धोरणे त्याच्याभोवती फिरतात. दुसऱ्यासाठी आधी ‘काम’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, म्हणून तो मागे पडतो. मोठी बचत मात्र या दुसऱ्या प्रश्नातच शिल्लक आहे. इमारतीची उधळपट्टी कमी करण्याचे तंत्र आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे; संगणकाच्या आत चाललेल्या उधळपट्टीचा हिशेब अजून मांडला जात नाही.

बंगळुरूच्या इंदिरानगर परिसरात हे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी दिसतात. परिसराच्या उत्तर कडेने जुना मद्रास रस्ता जातो. त्यावर बैयप्पनहळ्ळी येथे सी-डॅक या संस्थेचे ‘नॉलेज पार्क’ आहे. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सुरू झालेल्या आणि १९९१ साली ‘परम ८०००’ घडवणाऱ्या या संस्थेने २००३ मध्ये ‘परम पद्म’ हा महासंगणक याच आवारात चालू केला. सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी, म्हणजे एक टेराफ्लॉप, हा टप्पा गाठणारा तो भारतीय बनावटीचा पहिला महासंगणक. जून २००३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले होते. आज त्याच आवारात ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचा ‘परम उत्कर्ष’ आहे. दक्षिणेला शंभर फुटी रस्ता आणि आसपासच्या गल्ल्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांची, स्टार्टअपची कार्यालये आहेत. तिथे मोठी यंत्रे दिसत नाहीत. तिथे लिहिलेले प्रोग्राम भाड्याच्या क्लाउडवर चालतात आणि त्या क्लाउडचे सर्व्हर मुंबई किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरांत असू शकतात. थोडक्यात, यंत्र सांभाळणारे आणि यंत्राला राबवणारे असे दोघेही या एका परिसरात आहेत, आणि वीज वाचवण्याची जबाबदारी दोघांची आहे.

सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेत बदलते. म्हणून एक मेगावॉट संगणकभाराचे दालन हे उष्णतेच्या हिशेबाने एक मेगावॉटची शेगडीच असते. ती उष्णता सतत बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठी पंखे, चिलर, पंप यांना पुन्हा वीज लागते. त्यात यूपीएस आणि ट्रान्सफॉर्मरमधील तोटा मिळवायचा. इमारतीची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघटनेने २००७ च्या सुमारास ते रूढ केले. २०१६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आदर्श मूल्य १. मूल्य २ असेल, तर संगणकाच्या प्रत्येक युनिटमागे आणखी एक युनिट इमारतच खाते.

या मापाने उद्योगाला शिस्त लावली, हे मान्य करायला हवे. ‘अपटाइम इन्स्टिट्यूट’च्या पाहण्यांनुसार २००७ मध्ये सरासरी पीयूई २.५ होता. पुढच्या सहा-सात वर्षांत तो १.६५ च्या आसपास उतरला. त्यानंतर मात्र घसरण जवळपास थांबली; २०२४ मध्येही सरासरी १.५६ होती. गूगलसारख्या कंपनीच्या केंद्रांची सरासरी त्याच सुमारास १.०९ वर आली. म्हणजे जे थोडे आघाडीवर आहेत त्यांच्याकडे इमारतीत वाचवण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि बाकीच्यांनी काय करायचे हे सर्वांना ठाऊक आहे.

ते उपाय साधे आहेत. सर्व्हर पुढून थंड हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. रॅकच्या रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ अशा मांडल्या, तर थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या होतात. गल्लीला दारे-छत बसवले आणि रॅकमधील रिकाम्या जागा पट्ट्यांनी बंद केल्या, की गरम हवा परत पुढे येत नाही. हवेची सरमिसळ थांबली की पंखे हळू चालवता येतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर वीज जवळपास निम्म्यावर येते. दुसरा उपाय तापमानाचा. ‘ॲशरे’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये सर्व्हरकडे जाणाऱ्या हवेची शिफारस केलेली मर्यादा १८ ते २७ अंश सेल्सिअसपर्यंत वाढवली. तरीही कार्यालयातील छोट्या सर्व्हर-खोल्यांत एसी १८ अंशांवर लावून ठेवण्याची सवय गेलेली नाही. यंत्राला थंडी मानवते, या समजापलीकडे त्याला आधार नाही. सिंगापूरने २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातील डेटा सेंटरांसाठी मानक काढले आणि २६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानावर दालन चालवण्याचा मार्ग दाखवला. तापमान एका अंशाने वाढवले की शीतकरणाच्या विजेत २ ते ५ टक्के बचत होते, असे तिथले गणित आहे. भारतातील उकाड्याचे कारण पुढे करून कमी कार्यक्षमतेचे समर्थन करता येत नाही. सिंगापूर विषुववृत्तालगत आहे.

बंगळुरूला तर हवेचीच साथ आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे मधील दुपारी पारा ३४ अंशांच्या आसपास किंवा वर जातो, पण वर्षातील बहुतेक रात्री आणि पावसाळ्यातील बहुतेक दिवस बाहेरची हवा २७ अंशांपेक्षा थंड असते. अशा वेळी चिलरचा कॉम्प्रेसर बंद ठेवून, फक्त पंखे, पंप आणि उष्णता-विनिमयकांच्या जोरावर दालन थंड ठेवता येते. बाहेरची हवा थेट आत घेतली तर धूळ आणि आर्द्रतेचा त्रास होतो; दोन हवा एकमेकींत न मिसळता मधल्या पत्र्यातून उष्णता पार करणारी रचना त्यावर उतारा ठरते. नवी मुंबईत, जिथे देशातील डेटा सेंटरांचा मोठा वाटा एकवटला आहे, किनारपट्टीच्या दमट हवेमुळे ही सोय बरीच तोकडी पडते. तिथे डेटा सेंटर उभे राहिले ते समुद्राखालून येणाऱ्या केबली, वित्तसंस्था आणि भरवशाची वीज यांच्या ओढीने.

मात्र बंगळुरूची हवा जे देते ते बंगळुरूचे पाणी काढून घेऊ शकते. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून उष्णता उडवली, तर चिलर कमी चालतो आणि पीयूई सुधारतो. पण एक युनिट उष्णता वाफेतून घालवायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. एक मेगावॉट उष्णता पूर्णपणे अशा रीतीने काढायची, तर दिवसाला सुमारे ३६,००० लिटर पाणी उडून जाईल. दरडोई १३५ लिटरच्या शहरी निकषाने ते अडीचशेहून अधिक माणसांचे रोजचे पाणी झाले. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा पाणीपुरवठा मंडळाला पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर आणि बागा शिंपण्यावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि दिवसाला ७७.५ कोटी लिटरची भर पडली. तरी शहराची वाढ पाहता हा दिलासा किती पुरेल, हा प्रश्न राहतोच.

इथे एक युक्तिवाद केला जातो: पाणी चढवायलाही वीज लागते, म्हणून पाणी वाचवणे हीच वीजबचत. आकडे याला पुष्टी देत नाहीत. हजार लिटर पाणी ५०० मीटर चढवायला पंपांचा तोटा धरून सुमारे दोन युनिट लागतात. दीड लिटरचा वाटा युनिटच्या तीन हजारांशाच्या आसपास येतो. विजेच्या वहीत पाणी जवळजवळ फुकट दिसते, आणि नेमका हाच धोका आहे. फक्त विजेचे माप पाहणारा व्यवस्थापक प्रत्येक वेळी पाणी खर्च करण्याचाच निर्णय घेईल. पाण्यावर हक्क सांगणारी माणसे त्या वहीत कुठेच नाहीत. म्हणून दर युनिटमागे किती लिटर पाणी गेले, हे माप पीयूईच्या बरोबरीने जाहीर व्हायला हवे, आणि शीतकरणाला सांडपाणी शुद्ध करून मिळालेले पाणीच वापरण्याची अट असायला हवी.

या कोंडीतून निघण्याची एक वाट द्रव-शीतकरणाची आहे. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. चिपला चिकटलेल्या धातूच्या पट्टीतून पाणी फिरवले, तर ते बरेच कोमट असले तरी चालते. परतणाऱ्या पाण्याचे तापमान ४० अंशांच्या वर ठेवता आले, तर बंगळुरूच्या कडक उन्हाळ्यातील हवासुद्धा त्याच्यापेक्षा थंडच असते. मग मोटारीच्या रेडिएटरसारख्या कोरड्या विनिमयकातून उष्णता सोडता येते. चिलरही लागत नाही आणि पाण्याची वाफही होत नाही. पाणी बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरते. राष्ट्रीय महासंगणन अभियानात सी-डॅकने उभारलेल्या ‘परम गंगा’, ‘परम अनंत’ यांसारख्या यंत्रणांत चिपलगतचे द्रव-शीतकरण वापरले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी हा पर्याय आता अटळ केला आहे. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॉट पुरत; एनव्हिडियाच्या ७२ चिप असलेल्या नव्या रॅकला सुमारे १२० किलोवॉट लागतात. इतकी उष्णता फुंकून काढणे व्यवहार्य नाही.

वीज पुरवण्याच्या साखळीतही गळती आहे. यूपीएसमध्ये आलेली वीज एकदा एकदिश होते आणि पुन्हा प्रत्यावर्ती होते. प्रत्येक बदलात थोडी वीज जाते, आणि भार कमी असेल तर तोट्याचे प्रमाण वाढते. एक बंद पडला तरी दुसऱ्याने सगळा भार उचलावा म्हणून सर्व काही दुप्पट ठेवले, की प्रत्येक यूपीएस कायम अर्ध्याहून कमी भारावर चालतो. बँकेच्या व्यवहारांना ही दुप्पट हमी लागते. रात्रभर चालणाऱ्या आणि मध्येच तुटली तर पुन्हा सुरू करता येणाऱ्या आकडेमोडीला ती लागत नाही. सर्व कामांना एकाच दर्जाची हमी देणे हा सावधपणा वाटतो, पण त्याची किंमत रोज मोजली जाते.

आता दुसरा प्रश्न. पीयूईच्या भागाकारात छेदस्थानी संगणकांची वीज असते, आणि ती वीज जणू सगळी सार्थकी लागते असे गृहीत धरलेले असते. याचा परिणाम किती विपरीत होतो, हे सी-डॅकच्याच उदाहरणातून कळते. नोव्हेंबर २००८ च्या सुमारास पुण्यात ‘परम युवा’ उभा राहिला. त्याची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ‘परम युवा २’ची ५२४ टेराफ्लॉप होती, आणि आधीच्या सुविधेपेक्षा त्याला ३५ टक्के कमी वीज लागेल असे सी-डॅकने जाहीर केले होते. दोन्ही आकडे एकत्र केले, तर कमाल क्षमतेच्या हिशेबाने प्रत्येक युनिटमागचे काम जवळजवळ १५ पट झाले. पीयूई २.५ वरून १.० वर आणला, म्हणजे इमारतीतील सगळा तोटा जादूने नाहीसा केला, तरी अडीच पटच लाभ होतो.

इतक्या मोठ्या सुधारणेची पीयूईवर काय नोंद होते? समजा, दालनाचा संगणकभार १,००० किलोवॉट आणि इमारतीचा वरखर्च ६०० किलोवॉट आहे. पीयूई झाला १.६. नव्या यंत्रांमुळे संगणकभार ६५० वर आला. वरखर्चातील निम्मा भाग भारानुसार घटला आणि निम्मा स्थिर राहिला, तर तो ४९५ होतो. एकूण वीज १,६०० वरून १,१४५ किलोवॉटवर आली, काम अनेक पटींनी वाढले, आणि पीयूई मात्र १.६ वरून १.७६ वर गेला. कागदावर केंद्र बिघडले. उलट, दालन जास्त गरम ठेवल्याने सर्व्हरमधील छोटे पंखे जोरात फिरू लागले, तर ती जादा वीज संगणकांच्या खात्यात जमा होते आणि पीयूई सुधारलेला दिसतो. जे माप सुधारणेला शिक्षा आणि उधळपट्टीला बक्षीस देऊ शकते, ते एकट्याने ध्येय म्हणून वापरता येत नाही.

संगणकाच्या आतली उधळपट्टी मुख्यतः रिकामेपणाची आहे. गूगलचे अभियंते लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झले यांनी २००७ मध्ये दाखवले की त्यांचे सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवर चालत, आणि काहीही काम नसतानाही सर्व्हर कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज घेत असे. नव्या चिपमध्ये हा आकडा सुधारला आहे, पण रिकामा सर्व्हर अजूनही फुकट बसत नाही. जॉन कूमी आणि जॉन टेलर यांच्या २०१५ च्या अभ्यासात पाहिलेल्या सर्व्हरपैकी सुमारे ३० टक्के सर्व्हर सहा महिने कोणतेही उपयुक्त काम न करता चालूच होते. कोणत्या प्रकल्पासाठी घेतले होते, हे विसरले गेले; बंद केले तर काही बिघडेल या भीतीने कोणी हात लावला नाही. शीतकरण कितीही उत्तम असले, तरी अशा सर्व्हरची कार्यक्षमता शून्यच.

क्लाउडमुळे हा दोष थोडा सुधारला, थोडा लपला. दहा कार्यालयांच्या दहा अर्धवट रिकाम्या खोल्यांऐवजी एका मोठ्या केंद्रात कामे एकत्र आली, तर यंत्रे अधिक भरलेली राहतात. २०२० मध्ये एरिक मॅसनेट आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या हिशेबानुसार २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांचे संगणनकाम सुमारे साडेसहा पट झाले, पण वीजवापर केवळ ६ टक्क्यांनी वाढला. हे श्रेय चांगल्या चिपचे, एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याच्या तंत्राचे आणि मोठ्या केंद्रांकडे झालेल्या स्थलांतराचे. पण भाड्याचा सर्व्हर डोळ्यांसमोर नसतो. इंदिरानगरच्या कार्यालयात चाचणीसाठी चालू केलेले आभासी यंत्र शुक्रवारी संध्याकाळी कोणी बंद केले नाही, तर वीज दूरच्या एखाद्या शहरात जळते आणि बिलात ती युनिटांत नव्हे, रुपयांच्या एका ओळीत दिसते. नको असलेल्या नोंदी वर्षानुवर्षे साठवणे, तीच माहिती दर मिनिटाला नव्याने मोजणे, छोट्या मॉडेलने भागणाऱ्या प्रश्नासाठी मोठे मॉडेल राबवणे, हे सगळे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे निर्णय आहेत. डेटा सेंटरचा अभियंता त्यात काही करू शकत नाही.

कामाची वेळ हाही असाच निर्णय. तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे २,०५० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प आहे. त्याची वीज दुपारी असते, संध्याकाळी नसते. भारतीय ग्रीडवरील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण दुपारचे आणि रात्रीचे युनिट सारखे नसते. ज्या आकडेमोडीचा निकाल उद्या मिळाला तरी चालतो, ती उन्हाच्या तासांत सरकवता येते. गूगलने २०२० पासून आपल्या केंद्रांत तातडीच्या नसलेल्या कामांसाठी ही पद्धत वापरली आहे. एक अडचण लक्षात ठेवावी लागते: बंगळुरूत चिलरशिवाय भागते ते रात्री, आणि स्वच्छ वीज मिळते ती दुपारी. कमी युनिट की कमी कार्बन, हे प्रत्येक केंद्राला मोजून ठरवावे लागेल.

कार्यक्षमतेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जुना आहे. कोळशाचे इंजिन सुधारले की कोळसा कमी नव्हे, जास्त खपतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच लिहिले. संगणनाबाबत ते खरे ठरताना दिसते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. संगणन स्वस्त झाले म्हणूनच ते सर्वत्र पसरले. पण यातून कार्यक्षमता निरुपयोगी ठरत नाही. २०१० नंतरची आठ वर्षे हेही दाखवतात की सुधारणा पुरेशी वेगवान असेल, तर मागणीची बरीच वाढ ती पेलू शकते. आक्षेपाचा खरा अर्थ असा की कार्यक्षमता एकटी पुरत नाही; एकूण वापर उघड्यावर असला पाहिजे, म्हणजे वाढ कोणत्या कामासाठी झाली हे विचारता येते.

युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशानुसार ५०० किलोवॉट किंवा अधिक भाराच्या केंद्रांना वीज, पाणी आणि उष्णतेच्या पुनर्वापराची माहिती कळवणे बंधनकारक केले. जर्मनीच्या कायद्यात जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना पीयूई १.२ पेक्षा जास्त ठेवता येणार नाही. कर्नाटकाने २०२२ ते २०२७ साठी स्वतंत्र डेटा सेंटर धोरण आखले आहे. गुंतवणूक खेचण्यासाठी सवलती देणाऱ्या राज्याने सवलतीच्या बदल्यात आकडे मागणे रास्तच आहे. ते तीन असावेत: पीयूई, दर युनिटमागचे पाणी, आणि संगणकांची क्षमता सरासरी किती टक्के वापरली गेली ते. तिसरा आकडा कामाचे परिपूर्ण माप नाही, पण रिकामेपणा तरी उघडा पाडतो. व्यापारी गुपिताची सबब इथे तकलादू आहे; टक्केवारी सांगितल्याने कोणाचा ग्राहक कोण हे कळत नाही.

सुरुवात सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या महासंगणकांपासून करणे सोपे जाईल. २०१५ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय महासंगणन अभियान सी-डॅक आणि बंगळुरूचीच भारतीय विज्ञान संस्था मिळून राबवतात. महासंगणकावर संशोधकाला साधारणपणे प्रोसेसर-तासांत वेळ मिळतो. प्रोग्राम ढिसाळ असला आणि प्रोसेसर निम्मा वेळ माहितीची वाट पाहत राहिला, तरी तास तेवढेच मोजले जातात. प्रत्येक कामाने किती युनिट वीज घेतली, हे नोंदवण्याची सोय आजच्या कार्यनियोजक सॉफ्टवेअरमध्ये उपलब्ध आहे. वाटप तासांऐवजी युनिटांत केले, निकालाबरोबर युनिटांचा आकडा दिला, आणि कमी युनिटांत काम करणाऱ्याला उरलेला वाटा पुढे वापरू दिला, तर प्रोग्राम सुधारणे संशोधकाच्या स्वतःच्या फायद्याचे होईल. हीच पद्धत क्लाउडच्या बिलात आली, रुपयांच्या शेजारी युनिटे छापली गेली, तर कार्यालयात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही आपल्या निर्णयाची वीज मोजता येईल. इमारतीच्या कार्यक्षमतेचे काम अभियंत्यांनी बरेच पुढे नेले आहे. कामाच्या कार्यक्षमतेसाठी मीटर यंत्राच्या दारात नव्हे, काम सांगणाऱ्याच्या हातात द्यावा लागेल.